झोपताना अंगावर पिण्याची सवय सोडवणे : सव्वादोन वर्षांच्या एका मुलाचे प्रकरण

हे प्रकरण सव्वादोन वर्षांच्या एका मुलाचे आहे. दिवसाचे त्याचे अंगावरचे पिणे जवळजवळ सुटले होते. सकाळी आई कामावर गेली की संध्याकाळी ती दारात दिसेपर्यंत त्याला त्याची आठवणही येत नसे. आई आली की एकदा, झोपताना एकदा आणि मग रात्रीतून दोन-तीनदा असा त्याचा क्रम होता आणि यांतले झोपतानाचे पिणे कधी पाऊण तास, तर कधी दीड तास चालत असे. मुलाचे वजन वयाला साजेसे होते, तो घरातले सर्व काही खात होता आणि पाणी-दूध पेल्याने पीत होता. म्हणजे पोटासाठी त्याला अंगावरच्या दुधाची गरज उरली होती असे म्हणता येत नव्हते. तरीही झोपताना ते मिळाले नाही, तर तो उलटी होईपर्यंत रडत असे. या रडण्यापुढे आई-वडील दोघेही प्रत्येक वेळी हरले होते.

दूध तोडायलाच हवे का, हा प्रश्न आधी निकाली काढणे आवश्यक होते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर पूरक आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०२२ मध्ये याच आशयाचे धोरण जाहीर केले. यात वरची मर्यादा घातलेली नाही, त्यामुळे 'आता फार मोठा झाला' या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शेऱ्याला वैद्यकीय आधार नव्हता. मात्र आईकडे स्वतःची दोन कारणे होती. मुलाच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखी पांढरी रेघ दिसू लागली होती आणि ही किडीची सुरुवात असल्याचे दंतवैद्यांनी सांगितले होते. झोपेत लाळ कमी स्रवते आणि तोंडात दूध राहून जाते, म्हणून वर्षानंतर रात्रभर अधूनमधून पिणाऱ्या मुलांमध्ये किडीचा धोका वाढतो. गोड खाणे आणि दात न घासणे यांचाही त्यात मोठा वाटा असतो, त्यामुळे सगळा दोष दुधावर टाकणे योग्य नाही. दुसरे कारण तिने बरेच आढेवेढे घेत सांगितले. अलीकडे तो प्यायला लागला की काही मिनिटांत तिच्या अंगावर काटा येई, दातओठ खावेसे वाटत, त्याला ढकलून द्यावे अशी चीड दाटून येई आणि पिणे संपताच स्वतःचीच लाज वाटे. दीर्घकाळ पाजणाऱ्या अनेक स्त्रियांना हा अनुभव येतो. त्यात मायेची कमतरता नसते. माझ्या मते दूध थांबवण्यासाठी हे दुसरे कारण एकटेही पुरेसे होते.

आधीचे प्रयत्न नीट समजून घेतल्याशिवाय पुढची दिशा ठरवता आली नसती. पहिल्या खेपेला घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून आईने स्तनाग्रांना कडू लेप लावला. मुलाने एकदा चाखून तोंड वेडेवाकडे केले, आईच्या ओढणीच्या टोकाने लेप पुसून काढला आणि पुन्हा प्यायला सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला तिने चिकटपट्टी लावली आणि 'दुदूला बाऊ झालाय' असे सांगितले. या युक्तीचा परिणाम झाला, पण भलताच. तो रोज सकाळी उठल्यावर पट्टीवर हलकेच फुंकर घालू लागला, आणि चौथ्या दिवशी पट्टी सैल होऊन निघाली तेव्हा खाली जखम नाही हे पाहून आनंदाने म्हणाला, "आई, बाऊ गेला. आता दुदू." आईकडे यावर उत्तर नव्हते. जखमेचे कारण देताना मोठ्या माणसांच्या लक्षात येत नाही ते हेच, की जखम बरी होते, आणि ती बरी झाल्यावर दूध परत मिळेल असा शब्दच मुलाला दिलेला असतो.

तिसरी खेप सर्वांत महागात पडली. आई दोन रात्री मावशीकडे जाऊन राहिली. इकडे मुलगा बाबांजवळ रडून रडून झोपला, तिकडे आईचे स्तन दाटून टणक झाले, एका बाजूला गाठ धरली आणि थंडी वाजून ताप आला. तिसऱ्या रात्री ती घरी परतली तेव्हा दोघांनाही सुटका हवी होती, आणि मुलगा रात्रभर अंगावरून हलला नाही. त्यानंतरचे काही आठवडे तो आईला स्वच्छतागृहातही एकटे जाऊ देत नव्हता. एकदम दूध तोडण्यासाठी आईने घर सोडून जावे, हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. मुलाच्या दृष्टीने त्यात दूध आणि आई एकाच वेळी नाहीशी होतात, आणि यांपैकी नेमके काय परत येणार आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

या तिन्ही प्रयत्नांत एक गोष्ट समान होती. तिन्ही वेळा प्रहार दुधावर केला गेला होता. पण झोपेच्या वेळी हे मूल प्रत्यक्षात काय करते, हे कोणी नीट पाहिलेले नव्हते. म्हणून मी आईला आठवडाभर काहीही न बदलता केवळ पाहायला सांगितले : दिवे किती वाजता मालवले, घोट गिळण्याचा आवाज किती वेळ ऐकू आला, जबड्याची हालचाल केव्हा बदलली, डोळे केव्हा मिटले. तिच्या नोंदी बोलक्या होत्या. पहिली सहा-सात मिनिटे तो खरोखर दूध पीत असे, जबडा खोलवर हलत असे आणि दर एक-दोन चोखण्यांनंतर घोट ऐकू येत असे. त्यानंतर घोट थांबत, हनुवटीची केवळ थरथर उरे, आणि एक हात आईच्या गळ्यातून आत जाऊन दुसऱ्या बाजूला चिमटे काढत राही. आईला चीड येई ती या टप्प्यावर. म्हणजे तासाभरातील दूध सहा-सात मिनिटांचे, आणि उरलेला वेळ निव्वळ झोपेची वाट पाहण्यात जात होता.

वाट इतकी लांबण्याचे कारणही त्याच नोंदींत सापडले. मुलगा दुपारी उशिरा झोपून पाच वाजता उठत असे आणि रात्री नऊला त्याला अंथरुणावर नेले जाई. दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना दिवसरात्र मिळून साधारण ११ ते १४ तास झोप लागते. दुपारीच भरपूर झोपलेल्या मुलाला नऊ वाजता झोप येण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होते. झोप आलेली नाही, अंधार केलेला आहे आणि आई जवळ पडून आहे, अशा स्थितीत त्याने तोंड लावून ठेवण्याशिवाय दुसरे काय करावे? त्यामुळे पहिला बदल दुधात झालाच नाही. दुपारची झोप लवकर सुरू करून साडेतीनच्या आत संपवायची, एवढेच ठरले. आठ-दहा दिवसांत झोपतानाचे पिणे निम्म्यावर आले. आई-वडिलांचा धीर वाढायला याने जितकी मदत झाली, तितकी माझ्या कोणत्याही समजावण्याने झाली नसती.

आता मुख्य मुद्दा. या मुलाच्या बाबतीत 'दूध' आणि 'झोप लागणे' या दोन गोष्टींची गाठ पडलेली होती, आणि दूध तोडण्यापूर्वी ती गाठ सोडवणे आवश्यक होते. रात्री झोप सलग नसते. तिची लहान लहान आवर्तने असतात आणि दोन आवर्तनांच्या मधे प्रत्येक मूल, किंबहुना प्रत्येक माणूस, क्षणभर जागा होतो. झोप लागताना जे जवळ होते तेच या क्षणी जवळ असेल तर कूस बदलून पुन्हा झोप लागते, नसेल तर ते शोधले जाते. तोंडात स्तन असताना झोपलेले मूल रात्री दोन वाजता स्तन मागते ते बहुधा भुकेपोटी नाही, तर झोपेकडे जाणारी तेवढी एकच वाट त्याला ठाऊक असते म्हणून. यामुळेच 'आधी मध्यरात्रीचे बंद करा, झोपतानाचे शेवटी पाहू' हा क्रम मी या घरासाठी नाकारला. झोपताना द्यायचे आणि दोन वाजता नाकारायचे, यातली संगती अर्धवट झोपेतल्या सव्वादोन वर्षांच्या मुलाला कळणे कठीण आहे.

गाठ सोडवण्याची सुरुवात नवी सवय जुनीवर चढवण्यापासून झाली. तो पीत असतानाच आईने पाठीवर एका ठरावीक लयीत थोपटायचे आणि एकच अंगाई हळू आवाजात म्हणायची. दूध, थोपटणे आणि अंगाई हे तिन्ही काही दिवस एकत्र चालू राहिले. त्यानंतर, घोट थांबून हनुवटीची थरथर सुरू झाली की आईने ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवून पकड सोडवायची, हनुवटीखाली बोट अलगद टेकवून तोंड मिटलेले राहू द्यायचे, पण थोपटणे आणि अंगाई थांबवायची नाही. पहिल्या रात्री त्याने पुन्हा पुन्हा शोधले आणि तिने पुन्हा पुन्हा दिले, कारण या टप्प्यावर नकार द्यायचाच नव्हता. शेवटच्या क्षणी तोंड रिकामे असताना डोळे मिटण्याचा अनुभव त्याला मिळावा, एवढाच हेतू होता. आठवड्याच्या शेवटी तो कधी कधी स्वतःहून तोंड सोडून कूस वळवू लागला.

हाताचा प्रश्न याच सुमारास सोडवावा लागला. गळ्यातून आत जाणारा हात चालू द्यायचा की नाही, हे आईने आधीच ठरवावे असा माझा आग्रह होता. दूध सुटल्यावर अनेक मुले हाताला घट्ट चिकटून राहतात, आणि तेव्हा तो बंद करायचा म्हणजे दुसऱ्यांदा दूध तोडण्यासारखेच असते. आईला तो मुळीच नको होता. म्हणून रात्री बंद गळ्याचा कुर्ता घालायचा आणि हात आत येऊ लागला की तो आपल्या दंडावर ठेवायचा, असे ठरले. मुलाने दंडाची कातडी ओढायला सुरुवात केली. आई म्हणाली, हे चालेल.

पुढचे पाऊल सर्वांत अवघड होते : पिण्याची जागा पलंगावरून खुर्चीवर नेणे. संध्याकाळची रांग अशी बदलली, की जेवणानंतर उजेडात, खुर्चीवर बसून दूध, मग दात घासणे, मग पलंग. दात घासण्याला मधे आणण्यामागे दुहेरी हेतू होता. दातांसाठी ते हवेच होते, तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. पण त्याहीपेक्षा त्यामुळे 'आता संपले' हे सांगणारी एक सीमा तयार झाली, आणि ती आईच्या मनःस्थितीवर अवलंबून नव्हती. ब्रश झाला की दुदू नाही, हे मुलाला दिवसा, तो खेळात रमलेला आणि पोट भरलेले असताना, चार-पाचदा सांगण्यात आले. रात्री रडण्याच्या भरात दिलेले स्पष्टीकरण मुलाच्या कानापर्यंत पोहोचत नाही. अनेक घरे नेमकी तिथेच आपली सगळी शक्ती खर्च करतात.

पहिल्या रात्री तो पलंगावर चाळीसेक मिनिटे रडला. आई शेजारीच पडून होती. तिने थोपटणे सोडले नाही, अंगाई म्हटली, आणि "दुदू खुर्चीवर झालं, आता थोपटते" एवढे एकच वाक्य ती न चिडता सांगत राहिली. हे रडणे आधीच्या मावशीकडच्या रात्रींपेक्षा निराळे होते. तेव्हा तो एकटा पडला होता, आता मात्र ज्या माणसाचा राग येत होता त्याच माणसाच्या कुशीत शिरून तो राग व्यक्त करत होता. उलटी झाली तेव्हा आईने न घाबरता त्याला पुसले, कपडे बदलले आणि परत पलंगावर आणले. दूध दिले नाही. येथे ती डगमगली असती, तर पुढच्या वेळी रडणे उलटीपर्यंत नेण्याचा धडा त्याला मिळाला असता. कधी नकार, कधी होकार यासारखी हट्ट पक्का करणारी दुसरी गोष्ट नाही. दुसऱ्या रात्री रडणे कमी झाले. तिसऱ्या रात्री ते पुन्हा वाढले, आणि हे अपेक्षित असल्याची कल्पना आई-वडिलांना आधीच दिलेली होती. जुनी सवय सुटण्यापूर्वी एकदा जोर करून उसळी मारते, आणि बरीचशी कुटुंबे नेमकी त्याच रात्री माघार घेतात. आठवडा संपेपर्यंत कुरकुर उरली, रडणे नाही.

मध्यरात्रीच्या पिण्याला वेगळा हात लावावा लागला नाही. थोपटून झोप लागू लागल्यावर साधारण दोन आठवड्यांत दोन वाजताचे उठणे आपोआप विरळ झाले, आणि उठलाच तर थोपटून, घोटभर पाणी देऊन तो झोपत असे. पहाटेचे पिणे मात्र चिवट निघाले. त्या वेळेपर्यंत झोपेची गरज बरीचशी भागलेली असते आणि झोप उथळ असते, त्यामुळे थोपटणे पुरे पडत नाही. त्याच्याशी लढण्यात अर्थ नव्हता. पहाटेचे पिणे तसेच ठेवले आणि ते उजेड झाल्यावर, खोलीचे पडदे उघडल्यानंतर खुर्चीवरच मिळेल, असा नियम केला.

मधे मुलाला ताप आला. तीन-चार दिवस तो काहीच खाईना, तेव्हा आईने त्याला हवे तितके आणि हवे तेव्हा पाजले, आणि ते योग्यच होते. आजारी मुलाच्या पोटात द्रव जाणे महत्त्वाचे असते. आजारपण, नवे पाळणाघर, घर बदलणे, भावंडाचा जन्म अशा काळात दूध तोडण्याचे काम हाती घेऊ नये, आणि घेतले असेल तर थांबवावे. ताप उतरल्यावर आईला वाटत होते की सर्व पाण्यात गेले. प्रत्यक्षात ब्रशचा नियम पुन्हा लागू केल्यावर मुलाने दोन रात्री तक्रार केली आणि तो पूर्वीच्या जागी आला.

बाबांचा प्रवेश मुद्दाम उशिरा केला होता. ज्या मुलाला दुधाशिवाय झोप लागतच नाही, त्याला दूध नसलेल्या माणसाच्या हाती देणे हा दोघांवरही अन्याय असतो. थोपटून झोपण्याची सवय झाल्यावर बाबा एक दिवसाआड झोपवू लागले. पहिल्या दोन वेळा मुलगा दाराकडे बोट दाखवून "आई हवी" म्हणत रडला. बाबांनी "आई बाहेर आहे, सकाळी भेटेल, मी आहे ना" म्हणत त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घातल्या. त्यांची अंगाई बेसूर होती आणि शब्दही चुकत. मुलगा ते दुरुस्त करता करता झोपला. आई त्या वेळी घरातच, दुसऱ्या खोलीत होती, आणि मुलाला ते ठाऊक होते.

खुर्चीवरचे पिणे कमी करणे त्या मानाने सोपे गेले. पिण्याची लांबी अंगाईला बांधली, अंगाई संपली की दूध संपले. मग अंगाईची कडवी कमी होत गेली. शेवटी संध्याकाळी बाबांनी ब्रश करून थेट पलंगावर नेले, त्या रात्री मुलाने विचारलेच नाही. पुढच्या संध्याकाळी विचारले, तेव्हा आईने सांगितले, "दुदू आता सकाळी." सकाळचे पिणे त्यानंतरही तीन-चार आठवडे चालले आणि घाईच्या दिवसांत विसरले जाऊ लागले. 'आपण होऊन द्यायचे नाही, मागितले तर नाकारायचे नाही' हा बहुतेक ठिकाणी दिला जाणारा सल्ला झोपतानाच्या पिण्याला लागू पडला नव्हता, पण या शेवटच्या पिण्याला तो अचूक लागू पडला. कारण सकाळी त्या मुलापुढे करण्यासारखे दुसरे पुष्कळ काही होते.

आईच्या शरीराची काळजी या सर्व काळात वेगळी घ्यावी लागली. स्तनातून जितके दूध काढले जाते तितके तयार होते, आणि साठून राहिले की निर्मिती मंदावते. म्हणून एक पिणे बंद झाले की पुढचे बंद करण्यापूर्वी काही दिवस जाऊ देणे, हाच दूध आटण्याचा सुरक्षित मार्ग असतो. दाटल्यासारखे वाटले तर हाताने थोडेसे, आराम पडेल इतकेच काढायचे, रिकामे करायचे नाही, आणि थंड ओल्या फडक्याने शेकायचे. घट्ट पट्टा बांधून ठेवण्याचा उपाय तिला कोणी तरी सुचवला होता. तो मी करू दिला नाही, कारण दाबामुळे दूध एका जागी कोंडून गाठ धरू शकते. स्तनाचा एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा होऊन ताप आल्यास डॉक्टरांकडे त्वरित जायचे, हे तिला आधीच्या अनुभवामुळे समजावून सांगावे लागले नाही. या खेपेला तशी वेळ आली नाही.

मनाचे मात्र तिला आश्चर्य वाटले. जे संपावे म्हणून ती आतुर होती ते संपल्यावर आठवडाभर ती उदास होती, लहानसहान गोष्टींवरून तिच्या डोळ्यांत पाणी येत होते. दूध थांबताना प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन या संप्रेरकांची पातळी उतरते आणि काही स्त्रियांना ते जाणवते, शिवाय मुलाचे एक वय मागे पडल्याचे दुःखही त्यात मिसळलेले असते. ही उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक उडाली किंवा कशातच रस उरला नाही, तर तज्ज्ञांना भेटणे आवश्यक आहे, असे वडिलांनाही सांगून ठेवले होते, कारण असे बदल घरच्यांना आधी दिसतात. तिच्या बाबतीत ते ओसरले. पिळल्यावर थेंबभर दूध पुढेही बरेच दिवस येत राहिले. हे नेहमीचे असते, त्यामुळे पुन्हा पुन्हा पिळून पाहू नये.

आहारात एकच बदल सुचवला. अंगावरचे दूध गेले म्हणून वरचे दूध बाटलीने पाजून झोपवायचे नाही, कारण मग एका गाठीच्या जागी दुसरी बसते आणि दातांचा प्रश्न तसाच राहतो. दूध जेवणासोबत, पेल्याने आणि दिवसभरात सुमारे अर्ध्या लिटरच्या आत ठेवायचे. त्याहून जास्त दूध पिणारी मुले जेवण टाळतात आणि त्यांच्या शरीरात लोह कमी पडण्याचा धोका वाढतो.

सर्व मिळून तीन महिन्यांच्या आसपास काळ गेला. वडिलांना तो फार वाटला, आणि आणखी कठोर राहिलो असतो तर लवकर झाले असते, असे त्यांचे मत आहे. ते कदाचित खरेही असेल. पण आईला पुन्हा गाठ धरली नाही आणि मुलगा तिला पुन्हा दिवसभर चिकटून राहिला नाही, हे मी त्या कालावधीच्या जमेच्या बाजूला धरते. काही आठवड्यांनी एकदा मुलाने दुदू मागितले, आईने दिले, तर चोखायचे कसे हेच त्याला आठवेना. तो हसला आणि खेळायला गेला. दातांवरची रेघ वाढलेली नाही. मुलगा अजूनही थोपटल्याशिवाय झोपत नाही, आणि आता तीही सवय सोडवावी का, असे आई-वडिलांनी विचारले. थोपटण्याचा तुम्हा दोघांना त्रास होतो का, असा उलट प्रश्न मी केला. दोघेही नाही म्हणाले, तेव्हा ते तसेच चालू ठेवायचे ठरले.